हॉल कोण देणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आमच्या माहितीपट महोत्सवाची पहिली फिल्म लागणार होती आणि आदल्या संध्याकाळी साडेसहाला हॉलच्या मॅनेजरचा फोन आला. वायरिंगचं काम निघालंय, चार दिवस हॉल बंद. भाडं आणि डिपॉझिट भरून दीड महिना झाला होता, पावती खिशात होती. आम्ही तिघं तसेच मोटारसायकलवर गेलो. हॉलमध्ये दिवे चालू, पंखे चालू, आणि रंगमंचावर एक मुलगा माइक तपासत होता, कारण शनिवारी तिथे ऑर्केस्ट्रा होता. मॅनेजर आमच्याकडे बघत नव्हता. “दादा, मला काही विचारू नका, वरून निरोप आलाय,” एवढंच म्हणाला. निरोप कुणाचा, कशासाठी, काही लेखी आहे का, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्या माणसाचा मला राग आला नाही. त्याच्या नोकरीवर आलं असतं.

तालुक्याच्या गावातला दोन दिवसांचा महोत्सव होता तो. पाच माहितीपट, त्यातला एक ऊसतोड करणाऱ्या बायकांवरचा. त्याला सेन्सॉरचं प्रमाणपत्र होतं. पोलीस ठाण्यात माहितीचं पत्र दिलं होतं, त्याची पोच होती. कागदावर आमचं काहीही चुकलेलं नव्हतं. तरीही महोत्सव एका फोनने संपला असता.

तो संपला नाही, याचं श्रेय वस्तीतल्या लोकांना. समाजमंदिरासमोरचं अंगण त्यांनी मोकळं करून दिलं. बाजारपेठेतल्या टेलरने रात्री बारापर्यंत बसून मांजरपाटाच्या चार पट्ट्या जोडून पडदा शिवला आणि पैसे फक्त कापडाचे घेतले. मंडपवाल्याने दोन स्पीकर आणि सतरंज्या दिल्या. उघड्यावर दिवसा प्रोजेक्टर चालत नाही, म्हणून सकाळचे आणि दुपारचे खेळ गेले. पाचांपैकी तीनच फिल्म दाखवता आल्या. पण हॉलमध्ये जेमतेम साठ-सत्तर माणसं आली असती. अंगणात दोन्ही रात्री त्याच्या तिपटीने बसली, आणि त्यात निम्म्याहून जास्त बाया होत्या.

ही गोष्ट कौतुकासाठी सांगत नाही. वस्तीने सावरलं म्हणून ज्याने हॉल काढून घेतला त्याची जबाबदारी संपत नाही. सामाजिक न्यायाच्या विषयांवर चित्रपट महोत्सव भरवणारी माणसं देशभर आज हेच अनुभवत आहेत. या विषयावर आपल्याकडे चर्चा झाली की ती सेन्सॉर बोर्डावर होते. कात्री कुठे चालली, कुठला शब्द वगळला, कुणाला प्रमाणपत्र नाकारलं. ते प्रश्न आहेतच. पण छोट्या महोत्सवाला खरा धोका कात्रीचा नाही, किल्लीचा आहे. हॉलची किल्ली ज्याच्याकडे आहे तो काहीही लेखी न देता चित्रपट थांबवू शकतो, आणि त्याविरुद्ध दाद मागायला हातात कागदच नसतो.

सेन्सॉर बोर्ड निदान पत्र देतं. त्या पत्राविरुद्ध न्यायालयात जाता येतं. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी हेच करत आयुष्य घालवलं. अयोध्येच्या मंदिर-मशीद वादावरच्या त्यांच्या ‘राम के नाम’ला प्रमाणपत्र मिळालं, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि न्यायालयात जाऊन तो दूरदर्शनवरही लागला. म्हणजे या देशात एखाद्या माहितीपटाला जितक्या परवानग्या मिळू शकतात तितक्या त्याला मिळालेल्या आहेत. तरीही एप्रिल 2024 मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एका दलित पीएचडी विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं, तेव्हा दिलेल्या कारणांत या चित्रपटाशी संबंधित कारणही होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये निलंबनाचा काळ कमी करून त्याला अभ्यास पूर्ण करायची वाट मोकळी केली, पण मधलं वर्ष गेलं ते गेलंच. तीस वर्षांपूर्वी सरकारच्याच पुरस्काराने गौरवलेला चित्रपट चारचौघांना दाखवणं हे आज शिक्षेच्या कागदावर येऊ शकतं. प्रमाणपत्र चित्रपटाला मिळतं. दाखवणाऱ्याला ते वाचवत नाही.

कायद्याची बाजू पाहा. 1989 मध्ये एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की निदर्शनांची, मिरवणुकांची किंवा हिंसेची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही. विरोधक बिथरलेले आहेत आणि आम्हाला परिस्थिती हाताळता येत नाही, असं सांगून राज्याला मोकळं होता येणार नाही. हा निकाल ज्या तमिळ चित्रपटाच्या बाजूने लागला तो जातीवर आधारलेल्या आरक्षणाला विरोध करणारा होता, हे मी मुद्दाम सांगतो. त्या चित्रपटाचं म्हणणं मला मान्य नाही. पण आज जातीविरुद्धचा माहितीपट दाखवताना मी ज्या निकालाचा आधार घेतो, तो त्याच चित्रपटाने मिळवून दिलेला आहे. म्हणून हॉल सगळ्यांना मिळाला पाहिजे या मागणीत मला न आवडणारे चित्रपट दाखवणारेही येतात, आणि आले पाहिजेत.

त्यानंतर 2019 चा बंगालचा निकाल. ‘भविष्यतेर भूत’ हा अनिक दत्त यांचा बंगाली चित्रपट 15 फेब्रुवारीला लागला आणि दुसऱ्याच दिवशी बहुतेक पडद्यांवरून उतरला. बंदीचा आदेश कुठेच नव्हता. चित्रपटगृहांचे मालक सांगत होते, वरून सांगितलंय. आमच्या मॅनेजरचेच शब्द. सर्वोच्च न्यायालयाने या न दिसणाऱ्या बंदीबद्दल पश्चिम बंगाल सरकारला 20 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तिथे निर्माता होता, त्याच्याकडे वकील होता, तिकीटबारीवरचं नुकसान आकड्यात मांडता येत होतं. छोट्या महोत्सवाच्या संयोजकाचं नुकसान कशात मोजणार? बाराशे रुपयांचे फ्लेक्स, पाहुण्यांची रद्द झालेली तिकिटं, कॉलेजच्या पोरापोरींनी घालवलेल्या सुट्ट्या. एवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालयात कोण जातो? आणि उच्च न्यायालयात जायचं म्हटलं तरी आदल्या संध्याकाळी साडेसहाला कुठल्या कोर्टाचं दार उघडं असतं? फोन त्या वेळेला येतो तो यासाठीच.

म्हणून माझी मागणी साधी आणि कोरडी आहे. नगरपरिषदेचं सभागृह, महापालिकेचं नाट्यगृह, विद्यापीठाचा हॉल या लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या जागा आहेत. तिथलं आरक्षण एकदा पैसे घेऊन दिलं की ते रद्द करायचं तर लेखी आदेशानेच, कारण नमूद करून, अधिकाऱ्याच्या सहीने, आणि कार्यक्रमाच्या किमान सात दिवस आधी व्हावं, म्हणजे संयोजकाला दाद मागता येईल. त्यात झालेला खर्च भरून द्यावा. पोलिसांना काही अंदेशा वाटत असेल तर तोही त्यांनी लेखी द्यावा आणि आधी बंदोबस्त द्यावा. यासाठी संसदेत जायला नको. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो. राज्याच्या नगरविकास खात्याने शासन निर्णय काढला तर सगळीकडेच लागू होईल. ज्या सभागृहात साखरपुडे, सत्कार आणि पक्षांचे मेळावे होतात, तिथे दोन दिवस माहितीपट दाखवल्याने आभाळ कोसळत नाही.

यावर मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: आता सगळं मोबाईलवर दिसतं, मग हॉल हवाच कशाला? तमिळनाडूत 2017 मध्ये दिव्या भारती यांच्या ‘कक्कूस’ या हाताने मैला साफ करणाऱ्या माणसांवरच्या माहितीपटाला ठिकठिकाणी जागा नाकारल्या गेल्या, तेव्हा त्यांनी तो यूट्यूबवर टाकला आणि लाखो लोकांनी पाहिला. हे खरंच आहे. पण एकट्याने पाहणं आणि चारचौघांत पाहणं यात काय फरक असतो ते मी त्या अंगणात पाहिलं.

ऊसतोडीवरची फिल्म संपली. 2019 मध्ये बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळापर्यंत गेला होता, फिल्मचा धागा तोच. बाई आजारी पडली की खाडा, खाडा पडला की दंड, म्हणून पिशवीच काढून टाकायची. अंधारात शांतता होती. आम्ही शहरातून बोलावलेल्या पाहुण्यांनी बोलायला सुरुवात केली, एवढ्यात मागच्या सतरंजीवरून एक आजी उठल्या, पडद्याजवळ आल्या आणि माइक न घेताच म्हणाल्या, “लेकरांनो, समदं खरं दावलंत. पर उचल किती घेतली व्हती त्ये कुटं सांगितलंच न्हाई. उचल फिटली असती तर बाई कशाला गेली असती दवाखान्यात?” मग बाया बोलायला लागल्या. मुकादमाने दिलेली उचल, म्हणजे हंगामाआधीच घेतलेली आगाऊ रक्कम, नवराबायको मिळून एक कोयता, तिच्या घामाचे पैसे नवऱ्याच्या नावावर, फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, रात्री दिवा नसतो म्हणून काय काय होतं. दीड तास. शहरातले पाहुणे वहीत लिहून घेत होते. चाळीस मिनिटांच्या फिल्ममधली सगळ्यात मोठी उणीव, आयुष्यभर ज्यांच्यावर हे बेतलं त्यांनीच दाखवली. मोबाईलवर ही फिल्म त्या आजींपर्यंत पोचलीही असती, पण त्यांचं म्हणणं फिल्मवाल्यापर्यंत कधीच पोचलं नसतं.

इथे आता संयोजकांना, म्हणजे आम्हालाही, काही गोष्टी सुनावल्या पाहिजेत. कारण हॉलवाला किल्ली काढून घेतो तेव्हा पाठीशी कोण उभं राहतं, हे आपण महोत्सव कुणाबरोबर उभा केला यावर ठरतं.

आपण महोत्सव डिसेंबर-जानेवारीत भरवतो. हवा चांगली, कॉलेजं चालू, बाहेरचे दिग्दर्शक येऊ शकतात. त्याच काळात ऊसतोडीची माणसं कर्नाटकात नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात फडावर असतात. दिवाळीच्या आगेमागे गेलेली ती मार्च-एप्रिलला परत येतात. म्हणजे डिसेंबरात आपण त्यांच्यावरची फिल्म त्यांच्या गैरहजेरीत दाखवतो आणि त्यावर चर्चा करतो. हे लक्षात आणून दिलं ते वस्तीतल्याच एका कार्यकर्त्या ताईंनी. तेव्हापासून आमचा महोत्सव मे महिन्यात असतो. उकाडा असतो, धूळ असते, पण माणसं गावात असतात. भाषेचंही तेच. तमिळ फिल्मला इंग्रजी उपशीर्षकं असली की आपल्याला वाटतं काम झालं. अंगणात बसलेल्यांना त्याचा काय उपयोग? बारावीतली एक मुलगी दोन रात्री माइकवर मराठीत ओळी वाचत होती, पडद्यावरच्या बाईच्या बोलण्यामागोमाग, थोडी उशिरा. पहिल्या रात्री अडखळली, दुसऱ्या रात्री तिने लिहून आणलेलं बाजूला ठेवलं आणि त्या बाईसारखीच बोलायला लागली.

पैशाचा मुद्दा याहून मोठा. उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरमध्ये जन संस्कृती मंच या डाव्या सांस्कृतिक संघटनेच्या लोकांनी मार्च 2006 मध्ये ‘प्रतिरोध का सिनेमा’ या नावाने महोत्सव सुरू केला. नियम एकच: सरकार, कंपनी, स्वयंसेवी संस्था यांच्याकडून पैसा घ्यायचा नाही. बघणाऱ्यांनी दिलेल्या दहा-वीस-शंभर रुपयांवर महोत्सव चालवायचा, प्रवेश सगळ्यांना मोकळा. हा प्रकार पुढे हिंदी पट्ट्यातल्या अनेक गावांत पोचला, उदयपूरपर्यंत. कोलकात्याचा पीपल्स फिल्म फेस्टिव्हलही 2014 पासून असाच लोकांच्या वर्गणीवर उभा आहे. या लोकांना त्रास होत नाही असं मुळीच नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये उदयपूरला वैद्यकीय महाविद्यालयाच्या सभागृहात चाललेला महोत्सव बाहेरच्या दबावामुळे मध्येच थांबवावा लागला. तो दुसऱ्या जागी नेला गेला आणि पार पडला. प्रायोजकावर उभा असलेला महोत्सव अशा वेळी वाचत नाही, कारण हॉलवाल्याच्या आधी प्रायोजकाचा फोन येतो. वर्गणी देणारा माणूस मात्र जागा बदलली तर तिथे येतो. त्याचे शंभर रुपये त्यात असतात. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतले संयोजक बँकेचा लोगो लावून सुरुवात करतात आणि मग विषय सौम्य करत जातात. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, पुढच्या वर्षीचा धनादेश डोळ्यासमोर असतो म्हणून. हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्यात चांगली, प्रामाणिक माणसं होती.

मुंबईत याचं उत्तर एकदा दिलं गेलं आहे. 2004 च्या मुंबई आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवासाठी सरकारने फर्मान काढलं की भारतीय फिल्मना सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल. परदेशी फिल्मना ते लागणार नव्हतं. माहितीपटकार एकवटले, अट मागे घ्यावी लागली. मग निवडीच्या टप्प्यावर कितीतरी फिल्म गळल्या, गुजरातच्या 2002 च्या हिंसाचारावरची राकेश शर्मा यांची ‘फायनल सोल्यूशन’ही त्यात होती. त्यावर या मंडळींनी निवेदनं देत बसण्यापेक्षा ‘विकल्प’ नावाचा स्वतःचा महोत्सवच भरवला. प्रभादेवीत, सरकारी महोत्सवाच्या समोरच, भूपेश गुप्ता भवनात. एका पक्षाने आपली इमारत दिली म्हणून ते शक्य झालं. पुन्हा तोच प्रश्न, हॉल कुणाचा. ती इमारत नसती तर ‘विकल्प’चं पत्रक तेवढं उरलं असतं. त्याच पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ 2012 च्या सुरुवातीला भायखळ्याच्या बीआयटी चाळीत उघड्यावर दाखवला गेला, तेही यातलंच. घाटकोपरच्या रमाबाई नगरमध्ये 11 जुलै 1997 ला दलितांवर झालेल्या पोलीस गोळीबारापासून सुरू होणारी ती गोष्ट आधी चाळीतल्या लोकांनी पाहावी, हा निर्णय चित्रपटाइतकाच महत्त्वाचा होता.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. सत्यशोधकांचे जलसे झाले, 1930 च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा गावोगाव फिरला, तो कुठल्या नाट्यगृहात? वस्तीच्या मोकळ्या जागेत, गॅसबत्तीच्या उजेडात. पण मला त्या आठवणीवर थांबायचं नाही. कर्डकांना नाट्यगृह मिळत नव्हतं ही त्या काळाची लाज होती. आज शहरात वातानुकूलित सभागृह असताना आम्ही अंगणात बसतो याचं कौतुक होतं, तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. अंगण आमचं आहेच. हॉलही आमचाच आहे, आमच्या घरपट्टीतून बांधलेला.

आणि हॉलमध्ये कुणाला बसू द्यायचं हा प्रश्न आपल्या सिनेमाइतकाच जुना आहे. मल्याळममधल्या पहिल्या चित्रपटात पी. के. रोझी या दलित बाईने नायर घरातल्या स्त्रीची भूमिका केली. तिरुवनंतपुरमला पहिला खेळ झाला तेव्हा तिला स्वतःचा चित्रपट आत बसून पाहू दिला नाही, असं सांगितलं जातं. वरच्या जातींच्या प्रेक्षकांनी गोंधळ घातला, तिला गाव सोडून परागंदा व्हावं लागलं. आज चेन्नईत तमिळ दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरचे लोक तिच्या नावाने चित्रपट महोत्सव भरवतात. निवड समितीत कोण, पाहुणा कोण, पहिल्या रांगेत कोण, हे तिथे दलित माणसं ठरवतात. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, जिथे बाबासाहेब शिकले, तिथे दलित चित्रपट महोत्सव झाला आणि नागराज मंजुळे त्यात होते, तेव्हाही संयोजनाची सूत्रं कुणाच्या हातात होती हेच मला महत्त्वाचं वाटलं होतं. आमच्या समितीत पहिली दोन वर्षं ऊस तोडलेलं एकही माणूस नव्हतं. आता दोघी आहेत. त्यातल्या एका ताईंनी गेल्या वर्षी एक फिल्म नाकारली, कारण त्यात बायकांच्या परवानगीशिवाय त्यांचे चेहरे जवळून घेतलेले होते. आम्हा बाकीच्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

या मे महिन्यासाठी आम्ही पुन्हा त्याच हॉलसाठी अर्ज केला आहे. अर्जात एक ओळ नव्याने घातली: आरक्षण रद्द केल्यास कारणासह लेखी कळवावे. आवक-जावक विभागातल्या बाईंनी ती ओळ वाचली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला. चार नगरसेवकांना ठरावाचा मसुदा नेऊन दिला आहे. त्यांतल्या एका ताईंनी तो सभेपुढे मांडते म्हणून सांगितलं आहे. टेलरलाही भेटून आलो. जुना पडदा त्याने धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे. या वेळी तो बारा बाय आठचा हवा, म्हणून आणखी दोन पट्ट्या जोडायला दिल्या.